उलट्या पुस्तकाचा बाबा

आमच्या कारखान्यात चित्रांना नावं नसतात, वाण असतात. खिडकीत पत्र वाचत उभी असली की ती ‘बाई’. मेजावर कवटी, मेणबत्ती आणि वाळूचं घड्याळ मांडलेलं असलं की ‘टाळकं’. माना टाकलेली फुलं म्हणजे ‘सुकं’. आणि पुस्तकात डोकं घालून बसलेला, अर्धा उजेडात नि अर्धा अंधारात असा जो कुणी विद्वान म्हातारा असेल, तो ‘बाबा’. चित्र पुरं झालं की कॅनव्हासच्या पाठीवर खडूनं वाण लिहायचा. ‘बाबा, मोठा’. ‘बाई, मधली’. मग ते वाळवणीच्या फळीवर चढतं आणि तिथून ज्याच्या नशिबी असेल त्याच्या भिंतीवर.

सध्या लोकांना घरात असलीच चित्रं हवी असतात. भिंती शेवाळी नाहीतर करड्या रंगवतात, पिवळे दिवे लावतात आणि मधोमध दोनशे वर्षांपूर्वीचा वाटावा असा एखादा बाबा टांगतात. घरात कुणी वाचत नसलं तरी भिंतीवर कुणीतरी वाचत असलेलं बरं असतं.

मालकांचं आडनाव वेगळंच आहे, पण आम्ही त्यांना काळोखे म्हणतो. कुठलंही चित्र समोर धरा, ते चार पावलं मागे जाणार, डोळे बारीक करणार आणि म्हणणार, अजून थोडा काळोख घाला. चेहरे काढायला चेहरेकाका आहेत. कपड्यांच्या चुण्या काढायला एक जोडपं आहे, नवरा डावी बाजू काढतो आणि बायको उजवी, दिवसभर एकमेकांशी अवाक्षर न बोलता. भेगा पाडायला भेगामावशी. आधी सावकाश वाळणारं वॉर्निश लावायचं आणि ते पुरतं वाळायच्या आत त्यावर घाईनं वाळणारं. वरचं ओढत राहतं, खालचं सोडत नाही, आणि चित्र तडकतं. मग त्या भेगांमध्ये तपकिरी रंग चोळायचा. मावशी म्हणते, एक घाईचा नि एक सावकाशीचा असा संसार मांडला की भेगा आपसूक येतात, शिकवावं लागत नाही.

आणि मी पुस्तकं काढते. कपाटातली, मेजावरची, बाबांच्या मांडीवरची. सगळे मला पुस्तकवाली म्हणतात. पुस्तकाच्या कडा मला झोपेतही जमतील, पण पानावर अक्षरं नसतात, मुंग्या असतात. बारीक ब्रशनं ओळीनं टिंबं, टिंबांवर रेघ. कुणी जवळ जाऊन वाचायचं नसतं. दुरून विद्या दिसली की झालं.

हा हात मला आला तो बाबांकडून. माझ्या बाबांकडून, म्हणजे वडिलांकडून.

ते पुस्तकबांधणी करायचे. गळक्या छपराच्या एका लांबट खोलीत चाळीस वर्षं बसून त्यांनी इतरांची पुस्तकं शिवली. छापखान्यातून घडी घातलेले कागद यायचे, ते एकावर एक रचायचे, सुईनं पाठीतून शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. आई शेजारी बसून दोरा ओवून द्यायची आणि मधूनच तिच्या तिच्या सुरात काहीबाही जोडायची. तिचं एक मला अजून पाठ आहे.

दोरा गेला आत, गाठ राहिली पाठीला
नाव झालं दुसऱ्याचं, काय आलं गं गाठीला

बाबा हसायचे. म्हणायचे, तुझ्या गाठीला मी आलो, तेवढ्यावर भागव.

त्यांची एक सवय होती. शिवून झालेलं पुस्तक तपासायचं असलं की ते उलटं धरायचे. डोकं खाली, पाय वर. मधोमध उघडायचे, आणि दोन पानांच्या मधली घळ खालपासून वरपर्यंत बघत जायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबांना कळत नाही पुस्तक कसं धरायचं ते. एकदा मी त्यांच्या हातातलं पुस्तक सुलटं करून दिलं. त्यांनी ते परत उलटं केलं आणि मला मांडीवर घेऊन दाखवलं.

“अक्षर सुलटं दिसलं की माणूस वाचत बसतो, पोरी. उलटं धरलं की शिवण दिसते.”

शिवण पसंत पडली की मात्र ते पुस्तक सुलटं करायचे आणि वाचायचे. कामाच्या वेळात नाही. दुपारच्या सुट्टीत, डबा उघडून, घास तोंडात तसाच. गिऱ्हाइकाचं पुस्तक उद्या जाणार असलं तर आजच संपवायचे. शरीरशास्त्र, तारेवरचे संदेश, मधमाश्या पाळणं, कायदा. शाळा त्यांनी लवकर सोडली होती, पण शहरातल्या कुठल्याही शिकलेल्या माणसापेक्षा जास्त पुस्तकं त्यांच्या हातांखालून आणि डोळ्यांखालून गेली असतील. एकाही पुस्तकात त्यांचं नाव नाही.

शेवटच्या आजारात ते खिडकीशी खुर्ची लावून बसू लागले. अंगात तोच कामाचा एप्रन, खळीच्या डागांनी कडक झालेला. आई म्हणायची, हा धुवायला टाका. ते म्हणायचे, धुतला तर मोडेल. मांडीवर एक जुना शब्दकोश असायचा, त्यांनीच कधीकाळी बांधलेला आणि आता खिळखिळा झालेला. तो उलटा धरून त्याची शिवण कुठे सुटली आहे ते बघत बसायचे. दुरुस्त करायला बोटांत जोर नव्हता, पण बघायचे.

कारखान्यात एक कॅनव्हास कोपऱ्यात फाटला म्हणून बाजूला पडला होता. काळोख्यांना विचारून मी तो घरी आणला आणि सुट्टीच्या दुपारी त्यांचं चित्र काढायला बसले. त्यांचा फोटो म्हणाल तर ओळखपत्रावरचा तेवढा एक, आणि त्यात ते पकडून आणल्यासारखे दिसतात. मी चेहरे काढत नाही, तो माझा हात नाही. पण त्यांचा आला. कसा आला ते मला सांगता येणार नाही. डाव्या भुवईतली खोक आली, खालचा ओठ आत घ्यायची खोड आली, सुईनं टोचून टोचून काळा पडलेला अंगठा आला. पान काढताना मी मुंग्या काढल्या नाहीत. त्या शब्दकोशाचं समोर होतं ते पान, खरी अक्षरं, एकेक शब्द, तसाच उलटा. आयुष्यात पहिल्यांदाच मी पुस्तकात पुस्तक काढलं.

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, आता ह्याला तुमच्याकडच्यासारखं जुनं करून टाक. मी तर आधीच जुना आहे, मावशीची मेहनत वाचेल.

म्हणून मी ते कारखान्यात नेलं. मावशीनं जीव लावून बारीक भेगा पाडल्या, चेहऱ्यावर एकही नाही. पाठीवर मी खडूनं लिहिलं, ‘बाबा’. हाताच्या सवयीनं लिहिलं, आणि खरंही होतं म्हणून लिहिलं. मग ते वाळवणीच्या फळीवर चढवलं. त्याच आठवड्यात बाबा गेले.

दोन आठवड्यांनी मी कामावर परत आले तेव्हा फळीवर ते चित्र नव्हतं.

काळोख्यांनी काहीच लपवलं नाही. एका मोठ्या घरासाठी बाबा हवा होता, घरची बाई स्वतः आली होती, दहा बाबा बघितले आणि अकराव्यापाशी थांबली. हाच, म्हणाली. चित्र त्यांच्या फळीवर होतं, कॅनव्हास त्यांचा होता. मी काहीतरी बोलायच्या आतच ते म्हणाले, “मागे ‘बाबा’ लिहिलं होतं. मी काय समजायचं?”

त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते. हेच मला गिळता येईना.

मी पत्ता मागितला. ते म्हणाले, गिऱ्हाइकाच्या दारात रडायला जायचं नाही. पण माणूस अगदीच कोरडा नाही. थोड्या वेळानं स्वतःच टेबलापाशी आले आणि म्हणाले की चित्र महिन्याच्या आत नापसंत झालं तर आपण परत घेतो, तसं ते परत आलं तर तुझं.

मग मी दिवस मोजायला लागले. घरी आईला सांगितलं. तिनं खिडकीसमोरच्या भिंतीत खिळा ठोकून ठेवला. मी म्हटलं, अजून कशात काही नाही. ती म्हणाली, खिळा असला की यायची आठवण राहते.

विक्रीपासून सव्विसाव्या दिवशी फोन आला. काळोखे फोन ठेवून थेट माझ्याकडे आले, आणि त्यांचा चेहरा आमच्या चित्रांपेक्षाही काळोखा होता. त्या घरी पाहुणे जेवायला होते. त्यातल्या एका प्राध्यापकानं चित्राजवळ जाऊन मान वाकडी केली आणि पान वाचून दाखवलं. पुस्तक उलटं. सगळी पंगत हसली. आता एकतर ते दुरुस्त करून द्या, नाहीतर घेऊन जा.

“पुस्तकं तर तूच काढतेस,” काळोखे म्हणाले, “आणि पुस्तकच उलटं? मुंग्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं असतं का?”

उद्या जा आणि तिथेच सुलटं करून ये, असं त्यांनी बजावलं.

मावशीनं मला पाण्याच्या नळापाशी गाठलं. तिचं म्हणणं सरळ होतं. तिथे जायचं, चित्राला नाक लावायचं, मान हलवायची आणि सांगायचं की वॉर्निशखाली गेलेलं पुस्तक आता सुलटं होत नाही. होतं, अर्ध्या दिवसाचं काम, पण त्यांना काय ठाऊक. चित्र परत येईल, गाडी कारखान्याचीच असेल, वाटेत तुझ्या घरी उतरवून घे. “एक वाक्य खोटं बोलायचं आहे,” मावशी म्हणाली. “लोक यापेक्षा कमीसाठी जन्मभर बोलतात.”

सकाळी निघताना आईनं भिंतीवरची धूळ झटकली. आण त्यांना, म्हणाली, नुसता खिळा बरा दिसत नाही.

घर प्रशस्त होतं. बैठकीच्या भिंती भिजलेल्या लाकडाच्या रंगाच्या, पडदे जाड, भरदुपारी दिवे लागलेले. एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं, आणि तिच्यासमोर, पितळी दिव्याच्या उजेडात, माझे वडील. फ्रेम सोनेरी होती, जुनी दिसावी म्हणून घासलेली. त्या उजेडात एप्रन झग्यासारखा दिसत होता आणि खळीचे डाग काळाच्या डागांसारखे. मी हातातली पेटी खाली ठेवली आणि थोडा वेळ नुसती उभी राहिले. मला वाटलं, आता ते ओठ आत घेतील.

घरमालकीण माझ्याच वयाची असेल. बोलायला मोकळी, कुठे ताठा नाही. तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि हसत हसत सगळं सांगितलं. म्हणजे तिनं आणि नवऱ्यानं गमतीनं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली होती की हे ‘यांचे’ पणजोबा, मोठे विद्वान. लोक मानतही होते. मग परवा त्या प्राध्यापकांनी मान वाकडी करून वाचायला घेतलं, बाक, बाग, बाज. पुढचा शब्द तिला आठवत नव्हता. मला आठवत होता. पुढे बाण आहे, आणि त्याच्या पुढे बाप.

मी उठले, चित्राजवळ गेले, भेगांवर बोट टेकवलं. वाक्य तयार होतं. तोंड उघडायचं आणि ते बाहेर काढायचं, एवढंच.

मागून ती म्हणाली, “सगळे काय हसलेत म्हणून सांगू. प्राध्यापक म्हणाले, पणजोबा तुमचे अडाणीच दिसतात. चित्रापुरतं पुस्तक हातात दिलं असणार कुणीतरी.”

ती वाईट बोलत नव्हती. झालेलं सांगत होती. पण मला डबा दिसला, घास तोंडात ठेवून पान उलटणारा काळा अंगठा दिसला.

“अडाणी नव्हते ते,” मी म्हणाले.

आणि मग मला थांबता आलं नाही. मी तिला पुस्तकबांधणी सांगितली. शिवण सांगितली, घळ सांगितली. हातात धरून दाखवावं म्हणून भिंतीवरचं एक पुस्तक ओढलं, तर अख्खी रांगच निघून हातात आली. नुसत्या पाठी होत्या, फळीला चिकटवलेल्या, आत पान नाही. ती जराशी लाजली आणि आतून मुलीचं शाळेचं पुस्तक घेऊन आली. त्याला शिवण नव्हतीच, पानं डिंकानं डकवलेली होती, पण मी ते उलटं धरलं, मधोमध उघडलं आणि तिला घळ दाखवली. अक्षर सुलटं दिसलं की माणूस वाचत बसतो, उलटं धरलं की शिवण दिसते. अगदी त्यांच्या शब्दांत. त्यांची वकिली करत होते मी, आणि चांगली करत होते. बोलता बोलता बघत होते की तिचे डोळे मोठे होत चालले आहेत, आणि मला बरं वाटत होतं. इतकी मूर्ख.

माझं बोलून झालं तेव्हा ती चित्राकडे बघत होती, नव्यानं.

“मग याला हातच लावू नका,” ती म्हणाली. “किती सुंदर आहे हे. हेच सांगू आम्ही सगळ्यांना.”

तेव्हा कुठे मला समजलं मी काय केलं ते. मी घाईघाईनं म्हणाले की हे माझे वडील आहेत. हे चित्र चुकून विकलं गेलं. आमच्याकडे दुसरं चित्र नाही. मला ते परत हवेत.

तिनं छातीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, ते मी नाकारणार नाही. म्हणाली, तरीच, मला वाटलंच होतं की हा खरा माणूस आहे, म्हणून तर आधीचे दहा सोडून हाच घेतला. आणि मग तिनं सांगितलं की या खोलीच्या भिंतींचा रंग त्यांच्या झग्यावरून घेतलेला आहे. पडदे त्यांच्यावरून, दिवा त्यांच्यावरून. ते गेले तर खोलीत काही उरतच नाही.

“तुम्ही केव्हाही या ना त्यांना भेटायला,” ती माझा हात धरून म्हणाली. “फक्त आधी एक फोन करा.”

घरी आई दारातच उभी होती. माझे रिकामे हात तिला दिसले, मग मीच सांगितलं. एक वाक्य खोटं बोलायचं होतं आणि ते सोडून सगळं खरं बोलून आले. आई ऐकून आत वळली.

“त्यांचीच पोर तू,” ती म्हणाली. “नको तिथे शिवण दाखवायची.”

संध्याकाळी बघितलं तर खिळ्यावर तिनं त्यांचा एप्रन अडकवला होता. तो इतका कडक आहे की माणसाशिवायही पोट काढून उभा राहतो.

मी पुन्हा प्रयत्न केला. नवा कॅनव्हास, तीच खिडकी, तीच दुपारची वेळ, खुर्चीवर तोच शब्दकोश उघडून ठेवलेला. पुस्तक अगदी हुबेहूब आलं. चेहरा काढताना मी डोळे मिटून आठवत होते आणि डोळे उघडून बघत होते, आणि कॅनव्हासवर दरवेळी चेहरेकाकांचं नाक येत होतं. दिवसभर जे बघते तेच हातात उतरतं. शेवटी आईला बोलावलं. ती चष्मा लावून आली, तिनं नीट बघितलं.

“कोण हे?” तिनं विचारलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, छान काढलंय. पाहुण्यांना म्हणतात तसं.

काळोखे मात्र खूश होते. त्या बाईनं मैत्रिणींना गोष्ट सांगितली होती. गोष्ट हिंडता हिंडता बदलली, म्हणजे पणजोबा म्हणे दोन्हीकडून वाचू शकायचे, इतके विद्वान. महिन्याभरात सहा घरांतून मागणी आली. बाबाच हवा, पण उलट्या पुस्तकाचा. चेहरा कुठलाही चालेल, फक्त पान वाचता आलं पाहिजे, म्हणजे पाहुणे मान वाकडी करतील. काळोख्यांनी मला समोर बसवून सांगितलं की आता मुंग्या बंद, खरी अक्षरं काढ, तुला येतात. भेगामावशी तिकडून माझ्याकडे बघत होती. ती नुसता ब्रश धूत राहिली, स्वच्छ झाल्यावरही.

सहाही मी काढली. पुस्तक कसं धरायचं ते बोटांना माहीत होतं. डोकं खाली, पाय वर, अंगठा घळीपाशी. काकांनी सहा वेगवेगळी नाकं बसवली, जोडप्यानं डाव्या-उजव्या चुण्या घातल्या. पान मी मात्र बदललं. बाक, बाग, बाज, बाण काढलं आणि तिथेच थांबले. पुढच्या शब्दाच्या जागी मुंग्या.

वाळवणीवर चढवायच्या आधी मी सगळी पालथी केली आणि पाठीवर खडूनं लिहिलं, ‘म्हातारा’. सहा वेळा. त्यानं कुणाचं काय जाणार होतं.

काळोखे दुपारी फेरीला आले. पहिलं उचललं, पाठ बघितली, दुसरं उचललं. खिशातून फडकं काढलं, एकेक पाठ पुसली आणि माझ्याच खडूनं, माझ्याच टेबलावर वाकून, सहाही कॅनव्हासवर नीट मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बाबा’.

“एका मालाला दोन नावं नकोत,” ते म्हणाले. “घोटाळा होतो.”